चेक्ड बाय हेर्लेकर

“ताई, सी-सातमध्ये आठच सळ्या कशा?”

हेर्लेकरकाकांचा हा प्रश्न कालचाच होता, माझ्या पडद्यावर बघून विचारलेला. काल मी त्यांना म्हटलं होतं, “काका, प्रोग्रॅमनं आठ दिल्यात. आपण कोण सोळा करणार?” आणि स्वतःच्याच विनोदावर हसलेही होते. आज सकाळी पावणेदहाला ते पुन्हा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हातात चार वर्षांपूर्वीच्या एका कॉलेजच्या इमारतीचं ड्रॉइंग होतं.

“हे बघा. असाच कॉलम, नऊ बाय तीस. मजले तेवढेच, अंतरं तेवढीच. इथं सोळा आहेत. म्हणजे चार वर्षांत एकतर इमारती हलक्या झाल्या, नाहीतर लोखंड भारी झालं.”

“नवा प्रोग्रॅम आहे, काका. तो जास्त बारकाईनं डिझाइन करतो.”

“करू दे की. पण एकदा बघायला काय जातं?”

काही जात नव्हतं. पण पंचवीस वर्षांच्या, पदवीत पहिल्या आलेल्या मुलीला एका ड्राफ्ट्समननं दोनदा तेच विचारावं, याचा मला राग आला होता. त्यांना गप्प करायचं म्हणूनच मी कॉम्प्युटरवर दोन्ही मॉडेलं शेजारी शेजारी उघडली.

सांगलीतल्या किल्लेदार सरांच्या ऑफिसात तेव्हा मला दोन वर्षं झाली होती. इमारतीत किती लोखंड घालायचं, कॉलम केवढे धरायचे, हा आमचा धंदा. सरांचा सगळा जीव एका जुन्या प्रोग्रॅमवर. पण मिरजेच्या एका ट्रस्टनं मुलींच्या वसतिगृहाचं काम दिलं तेव्हा अट घातली, की त्यांचे पुण्याचे सल्लागार आमचं काम तपासणार आणि त्यांना मॉडेल त्यांच्या नव्या प्रोग्रॅममध्येच हवं. जुन्याची फाइल नव्याला वाचता येत नव्हती. चार मजल्यांची इमारत हातानं पुन्हा भरायची, तर तीन आठवडे गेले असते. मग मी दोन रविवार घरी बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो जुन्या फाइलमधली एकेक ओळ वाचायचा आणि नव्याच्या भाषेत लिहून द्यायचा. ऑफिसात त्याचं नाव पडलं ‘दुभाष्या’. पहिल्यांदा त्यानं अख्खी इमारत दीड मिनिटात पलीकडे नेली, तेव्हा सरांनी सगळ्यांना आपल्या पैशानं पेढे दिले होते. आमच्या सरांना ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, हा चमत्कार दुभाष्यापेक्षा मोठा होता.

सरांचा एक नियम होता. मॉडेल कुठूनही येवो, वर ठेवलेलं सगळं वजन आणि खाली पायात उतरलेलं वजन, दोन्हीची बेरीज मिळाली पाहिजे. “टोटल मिळाली की झोप लागते,” असं ते म्हणायचे. दुभाष्यानं नेलेल्या इमारतीची टोटल जुन्याशी किलोपर्यंत मिळाली होती. त्या रात्री सरांना झोप लागली असणार. मला तर लागलीच होती.

आता मी जुन्या मॉडेलमध्ये सी-सातवर क्लिक केलं. कॉलम रस्त्याकडे तोंड करून उभा होता. मग नव्यात क्लिक केलं. तोच कॉलम, तीच जागा, तेच माप. पण तो नव्वद अंशांत फिरलेला होता.

“काय झालं?” काका म्हणाले.

मी सी-आठ बघितला. फिरलेला. सी-नऊ, तोही. सी-सहा मात्र बरोबर होता. मी जुन्या प्रोग्रॅमची मूळ फाइल उघडली. कुठले कॉलम फिरवायचे, त्यांच्या क्रमांकांची यादी तिथं होती. एका ओळीत न मावल्यामुळे ती दुसऱ्या ओळीवर गेली होती. माझ्या दुभाष्यानं पहिली ओळ वाचली आणि दुसरी वाचलीच नाही. दुसऱ्या ओळीवर अकरा कॉलम होते.

नऊ इंच बाय तीस इंचांचा कॉलम म्हणजे जाड फळीच. फळी कडेवर उभी धरली तर माणूस तिच्यावर उभा राहील, आडवी टाकली तर ती वाकेल. जागेवर नकाशाप्रमाणे अकरा कॉलम एका दिशेनं उभे राहणार होते आणि त्यांच्यातल्या सळ्या मात्र दुसऱ्या दिशेच्या हिशेबानं निघाल्या होत्या. कॉलम फिरला म्हणून त्याचं वजन काही बदलत नाही, त्यामुळे टोटल मिळाली होती. टोटलला दिशा कळत नाही.

“काका, सोळाच हव्यात,” मी म्हणाले.

“मग काढू दुरुस्त करून. शीट कुठाय?”

मी घड्याळ बघितलं.

“ताई, कॉलमची शीट कुठाय? मी अजून त्यावर सही नाही केलेली.”

“काल संध्याकाळी गेली साइटवर.”

“सहीशिवाय?”

“घाई होती,” मी म्हणाले, पर्स उचलली आणि धावतच जिना उतरले.

सहीशिवाय गेली नव्हती, हे तुम्हाला सांगून टाकते. तेव्हा काकांना सांगायची छाती झाली नाही. आमच्या प्रत्येक ड्रॉइंगवर खाली उजवीकडे तीन चौकटी असत. काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची. मधली, ‘चेक्ड बाय’ची चौकट हेर्लेकरकाकांची. ते कधी इंजिनिअर नव्हते, पण एकतीस वर्षं ऑफिसातला एकही कागद त्यांच्या ‘व्ही. एच.’शिवाय बाहेर पडला नव्हता. सर शेवटची सही डोळे मिटून करत, कारण मधली झालेली असे. काल काका चारला दातांच्या डॉक्टरकडे गेले. जाताना म्हणाले, “शीट ठेवा, उद्या बघतो.” पाचला काँट्रॅक्टरचा माणूस येऊन दारात उभा. सर म्हणाले, “हेर्लेकरांचं झालं असेल तर आण, मी सही करतो.” आणि मी माझ्या टेबलावर जाऊन मधल्या चौकटीत दोन अक्षरं काढली. दोनच तर अक्षरं, उद्या ते नाहीतरी करणारच आहेत, असं मी स्वतःला समजावलं होतं.

स्कूटर मिरजेच्या रस्त्याला लागली तेव्हा माझ्या डोक्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, काँक्रीट पडायच्या आत पोचायचं. दुसरी, ती शीट कुणाच्या हाती लागायच्या आत पोचायचं. पहिली मोठी होती हे मला कळत होतं. पण खरं सांगते, छातीत धडधडत होतं ते दुसरीनं.

साइटवर पोचले तेव्हा मिक्सर फिरत होता. चोवीस कॉलमच्या लोखंडी पेट्या उभ्या होत्या, आणि बायका डोक्यावर पाट्या घेऊन फळीवरून वर चढत होत्या. काँट्रॅक्टर रावसाहेब मगदूम खुर्ची टाकून चहा पीत बसले होते.

“मगदूमसाहेब, थांबवा! काँक्रीट थांबवा!”

“या मॅडम. चहा घ्या. काय झालं?”

“कॉलममध्ये सळ्या कमी आहेत. अकरा कॉलम चुकलेत.”

त्यांनी कप खाली ठेवला. “चुकलेत? आमच्याकडनं? शीटवर आठ हायत, रातभर माणसं लावून आम्ही आठ बांधल्यात. तुमच्याच सायबांची सही हाय तिच्यावर.”

“शीटच चुकलीय.”

“हे बगा मॅडम,” ते अजून सौम्यच होते, “मिक्सर लावलाय. चाळीस माणूस हाय. सिमेंट कालवलंय. आता सायब म्हणाले थांबवा, तर थांबवतो. तुमच्या बोलण्यावर कसं थांबवू? उद्या तेच म्हणतील, कुणाला विचारून थांबवलं?”

मी सरांना फोन लावला. बंद. ते कोल्हापूरला कोर्टात साक्षीला गेले होते आणि तिथं फोन बंदच ठेवावा लागायचा. पुन्हा लावला, पुन्हा तेच. माझ्यासमोर सी-सातच्या पेटीत पाटी रिकामी झाली.

“किती भरले?”

“तीन. हा चौथा.”

“त्यातले चुकलेले कुठले?”

“ते तुम्हीच सांगायचं न्हवं?” मगदूम म्हणाले, आणि आजूबाजूचे दोघं-तिघं हसले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रडले असते तर सगळंच संपलं असतं, म्हणून मी शेडमध्ये गेले आणि साइटची सूचनावही उचलली. त्या वहीत सर लिहायचे, मी कधीच नाही. एखाद्या कामाबद्दल वहीत लिहिलं, की काँट्रॅक्टरला ते टाळता येत नाही, आणि लिहिणाऱ्याला आपलं लिहिलेलं नाकारता येत नाही. मी तारीख घातली, वेळ घातली, दहा वाजून चाळीस मिनिटं. लिहिलं, ‘कॉलमचे काँक्रीट ताबडतोब थांबवावे. सी-सात, आठ व नऊ भरले असल्यास ओले असतानाच उकरून काढावे. शीटमधील सळ्यांची संख्या चुकीची आहे.’ खाली माझं पूर्ण नाव, मृदुला वसंत आठल्ये, आणि सही.

मगदूमांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. आता त्यांच्या बघण्यात थट्टा नव्हती.

“मॅडम, हे तुमच्या अंगाशी येईल, बरं का.”

“येऊ दे.”

ते बाहेर गेले आणि ओरडले, “मिक्सर बंद करा रं!”

आवाज थांबला. पाट्या घेतलेल्या बायका होत्या तिथंच थांबल्या. पेट्या खोलून ओलं काँक्रीट फावड्यानं खाली ओढायला लागले, तेव्हा एक म्हातारा गवंडी पुटपुटला, “भरलेलं उकरायचं म्हंजे पाप हाय.” मी उन्हात उभी राहून ते पाप शेवटपर्यंत बघितलं. साडेबाराला चुकलेल्या तिन्ही कॉलमच्या सळ्या उघड्या पडल्या. इमारत वाचली होती. त्या दिवसातला माझ्या हातून घडलेला चांगला भाग तेवढाच, आणि तो तिथं संपला.

एकला सर आले. कोर्टातून सुटल्यावर त्यांनी ऑफिसात फोन केला होता, आणि येताना वाटेत हेर्लेकरकाकांना गाडीत घेतलं होतं. मी सगळं सांगितलं. दुभाष्यानं दुसरी ओळ सोडली, हेही सांगितलं. सळ्या कमी कशा, हे काकांनी आधी विचारलं होतं, तेवढं मात्र राहिलं; तरी काही लपवलं नाही असं मला अगदी वाटलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“टोटल मिळाली होती,” ते म्हणाले.

“हो सर. दिशा चुकली.”

“हं. प्रोग्रॅमकडनं चूक होणारच. माणसानं लिहिलाय तो. त्याच्यासाठीच तर तपासणी असते.” असं म्हणून ते शेडमध्ये गेले, खिळ्याला अडकवलेली शीट काढली आणि टेबलावर पसरली. त्यांनी बोट सरळ मधल्या चौकटीवर ठेवलं.

“हेर्लेकर, ही सही तुमची ना?”

काका पुढे झाले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती दोन अक्षरं अगदी जवळून बघितली. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं, एकदाच. मी भिंतीवरचं सिमेंट कंपनीचं कॅलेंडर वाचत होते.

“हो,” काका म्हणाले.

“आठ सळ्या तुमच्या नजरेतून सुटल्या?”

“सुटल्या असतील.”

“सुटल्या असतील काय! एकतीस वर्षं, हेर्लेकर! मी डोळे मिटून सही करतो ती कुणाच्या भरवशावर? ही पोरगी धावत आली नसती तर? शंभर मुली झोपणार आहेत इथं!”

मगदूम मधेच म्हणाले, “जाऊ द्या सायेब, वय झालं की व्हायचंच.”

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. त्या शेडमध्ये तोंड उघडायला मला फक्त एक वाक्य लागत होतं. ते वाक्य तोंडात तयारही होतं. पण सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, “शाबास. वहीत स्वतःच्या नावानं लिहिलंस, याला हिंमत लागते,” आणि ते वाक्य मी गिळलं.

संध्याकाळपर्यंत मी स्वतःची समजूत काढून ठेवली. काकांनी मला वाचवलं. मुलगी तरुण आहे, तिचं आयुष्य उभं राहायचंय, म्हणून त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. आता मी खरं सांगितलं तर त्यांच्याच मोठेपणावर पाणी पडेल. बघा, माणूस आपल्या भित्रेपणाला किती छान कपडे शिवतो.

त्यानंतर ऑफिसात आरडाओरडा काही झाला नाही. फक्त हळूहळू शीटा काकांच्या टेबलावर जायच्या थांबल्या. मधल्या चौकटीत माझी सही यायला लागली. काका मार्चमध्ये साठीचे होत होते. हे सगळं घडायच्या आधी, दिवाळीत सरांनी त्यांना म्हटलं होतं, “साठीनंतरही तुम्ही यायचंच, हेर्लेकर. तुमच्याशिवाय जमणार नाही.” फेब्रुवारीत म्हणाले, “आता आराम करा. डोळ्यांना ताण नको.” काका म्हणाले, “बरं.” या तीन महिन्यांत ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलले. मला पेन्सिलीला टोक करून द्यायचे ते सुद्धा थांबवलं नाही. माझा मात्र त्यांच्या टेबलावरून पाण्याला जायचा रस्ता बदलला होता.

एकतीस मार्चला दुपारी चारला निरोप समारंभ. आम्ही सहाजण, वडे, पेढे, शाल आणि नारळ. सर बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले. काकांनी शाईच्या दौतीच्या काळापासून कसं काम केलं, ते सांगितलं. मग म्हणाले, “शेवटी शेवटी नजरेनं थोडा दगा दिला, पण ते वयाचं देणं आहे. त्यानं एकतीस वर्षांचं काम पुसलं जात नाही.” सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. काकांनीही हलवली.

ती हललेली मान मला बघवेना. माझ्या हातात त्यांना द्यायची शाल होती. ती तशीच धरून मी म्हणाले, “सर, काकांची नजर कमी झालेली नाही. त्यांनी ती शीट बघितलीच नव्हती. आठ सळ्या चुकीच्या आहेत हे त्यांनीच मला दोनदा सांगितलं होतं. ती सही मी केली होती.”

कुणीतरी वड्याची बशी खाली ठेवली. सरांचा चेहरा लाल झाला. ते माझ्यावर ओरडतील म्हणून मी वाट बघत राहिले. पण ते वळले काकांकडे.

“मग त्या दिवशी तुम्ही हो का म्हणालात?”

काका खुर्चीतून उठले. कधी मोठ्यानं न बोलणारा माणूस, तेव्हाही मोठ्यानं बोलले नाहीत.

“सर, एकतीस वर्षं रोज माझी सही तुमच्या टेबलावर येत होती. त्या दिवशी दुसऱ्याच कुणाची तरी तुमच्या बोटाखाली होती, आणि तुम्ही मला विचारत होता, तुमची ना? तुम्हाला ती ओळखू आली नाही. मग मी हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय.”

काकांनी माझ्या हातातून शाल स्वतःच घेतली, घडी मोडली नाही, पिशवीत ठेवली. सगळ्यांना नमस्कार केला आणि निघाले.

मी नारळ घेऊन त्यांच्यामागे जिन्यावर धावले. खालच्या वळणावर त्यांना गाठलं. मला रडू आवरत नव्हतं.

“काका, इतके दिवस मला वाटत होतं, तुम्ही माझ्यासाठी हो म्हणालात. मला वाचवायला.”

“तुम्हाला?” त्यांना खरंच नवल वाटलं. “तुम्हाला कशाला वाचवू? शिकलेल्या आहात. इथली गेली तर दुसरी नोकरी महिन्याभरात मिळाली असती.”

“मग माझ्याकडे बघितलंत ते?”

त्यांनी नारळ माझ्या हातातून घेतला आणि पिशवीत शालीवर ठेवला.

“सरांना नाही ओळखू आली, हे कळलं होतं मला. मगदूमांना काय कळणार. सही माझी नाही हे त्या खोलीत माझ्याशिवाय एकट्या तुम्हालाच ठाऊक होतं, ताई. म्हणून बघितलं. म्हटलं, निदान तुम्ही तरी सांगाल.”